संघ बुडायला लागला की लोकांचे लाडके खेळाडू विकावेत का?

पार्कवरचा डावखुरा | शुक्रवार, १३ जून २०२५, रात्री ११:१०

तीन आठवडे झाले, पण २१ मेची रात्र डोक्यातून जात नाही. मुरारजी पेठेत मित्राच्या घरी आम्ही आठ जण जमलो होतो. साडेबाराला बिल्बावचा सामना सुरू झाला. युरोपा लीगची फायनल, समोर टॉटनहॅम. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडची जी दशा झाली होती ती या एका कपाने थोडी झाकली जाईल, एवढीच आशा होती. ४२व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा तो अर्धामुर्धा लागलेला गोल झाला आणि ०-१ वर सगळं संपलं. सामना संपल्यावर कोणी बोललं नाही. आपापली चप्पल शोधून सगळे घरी गेले.

नंतर लीग संपली. पंधरावा नंबर, ३८ सामन्यांत ४२ गुण, १८ पराभव. पुढच्या मोसमात युरोपात कुठेच खेळायचं नाही. असं याआधी २०१४-१५ मध्ये झालं होतं.

आता मुद्दा. आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द आपल्या तोंडात बसलाय म्हणून तोच वापरतो. फुटबॉलमध्ये खेळाडूच्या बदल्यात खेळाडू क्वचित जातो, बहुतेक वेळा पैशात सौदा होतो. सौदीच्या अल हिलाल क्लबने युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसला मागणी घातली आणि या महिन्याच्या सुरुवातीला ब्रुनोने नकार दिल्याचं स्वतः सांगितलं. माझं मत असं की क्लबने त्याला हात जोडून सांगायला हवं होतं, जा बाबा. तीस वर्षांचा आहे. त्याच्याभोवती बांधलेला संघ पंधरावा आला. एवढा पैसा पुन्हा कोणी देणार नाही आणि त्यात तीन तरुण खेळाडू येतील. माझ्या अंगात या क्षणी त्याचाच ८ नंबरचा टी-शर्ट आहे, तो घालूनच हे लिहितोय. पण बुडत्या नावेतलं जड सामान आधी काढावं लागतं.

तुमचं मत सांगा. नुसतं ‘विका’ किंवा ‘ठेवा’ नको, का ते लिहा.

होटगी रोड | शुक्रवार, रात्री ११:३४

साफ असहमत. युनायटेडने लीगमध्ये सगळे मिळून ४४ गोल केले. त्यात ब्रुनोचे ८ गोल आणि १० असिस्ट. ४४ पैकी १८ गोलांत एका माणसाचा हात आहे. त्याला तुम्ही जड सामान म्हणताय? नाव त्याच्याच वल्ह्यावर चालली होती. तो नसता तर १८वा नंबर आला असता आणि आज आपण दुसऱ्या डिव्हिजनची चर्चा करत बसलो असतो.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री ११:५२

होटगी रोड दादा, मग लिव्हरपूलचं काय म्हणायलाव? जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्होला विकलं तेव्हा माझा चुलत भाऊ लै रडला होता. बार्सिलोनाने १४ कोटी पौंडांच्या आसपास मोजले. त्याच महिन्यात साडेसात कोटीला व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात अलिसन आला. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला लीग. लाडका गेला आणि घर भरलं बे. मी डावखुरा दादाच्या बाजूने.

सात रस्ता | शनिवार, १४ जून, सकाळी ७:०५

शेंगाचटणी, तुझं उदाहरण बरोबर आहे, पण ते अर्धं आहे. लिव्हरपूल त्या वेळी बुडत नव्हतं. ते वर चढत होतं आणि त्यांच्या संघात दोन जागा फाटक्या होत्या, मधला बचावपटू आणि गोलकीपर. कोण पाहिजे हे त्यांना माहीत होतं. व्हॅन डाइकच्या मागे ते आदल्या उन्हाळ्यापासून होते. खरेदीची यादी हातात होती, मग विक्री झाली.

आता दुसरं उदाहरण घे. २०१३ मध्ये टॉटनहॅमने गॅरेथ बेल रियल माद्रिदला विकला, त्या काळातला सगळ्यात मोठा सौदा. आलेल्या पैशात सात खेळाडू घेतले. सोल्दादो, लामेला, पाउलिन्यो, शादली, कापू, किरिकेश, एरिक्सन. सातांपैकी मनापासून कौतुक करावं असा एक एरिक्सन. डिसेंबरात लिव्हरपूलकडून घरच्या मैदानावर ०-५ मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर गेला. एका पंगतीला सात नवे वाढपी आणले आणि कोणाकडे आमटी, कोणाकडे भात तेच ठरलं नव्हतं.

तिसरं, लीड्स. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला होते. कर्जाच्या जोरावर उभे होते. एक मोसम हुकला आणि देणेकरी दारात आले. फर्डिनंड गेला, कीन गेला, फाउलर गेला, वुडगेट गेला. २००४ मध्ये संघ खालच्या डिव्हिजनमध्ये पडला आणि प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडलं. सोळा वर्षं. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता नोकरीला लागलाय.

आणि १९९५. मी तेव्हा कॉलेजात होतो. परदेशी फुटबॉलची बातमी पेपरात दोन ओळींची यायची, ती कापून वहीत चिकटवायचो. युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन यांनी एका उन्हाळ्यात इन्स, ह्यूज आणि कांचेल्स्किस तिघांना सोडलं. तिघेही लोकांच्या गळ्यातले ताईत. पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाने ३-१ ने हरवलं. पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही, असं टीव्हीवरच्या तज्ज्ञाने सांगितलं. त्याच मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही आले. पण ती पोरं, म्हणजे बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल भाऊ, दाराशी तयार उभी होती. त्यांना दार उघडून मिळावं म्हणून जुने गेले.

डावखुरा मालक, म्हणून माझा तुम्हाला सवाल. ब्रुनोच्या जागेसाठी दाराशी कोण उभं आहे?

पार्कवरचा डावखुरा | शनिवार, सकाळी ८:२०

काका, खरं सांगायचं तर मी याचा विचार केला नव्हता. पैसा आला की माणूस येतो असं धरून चाललो होतो.

बार्शीकर, सध्या कोची | शनिवार, दुपारी १:४०

इथे नोकरीला असल्यामुळे इंडियन सुपर लीगमधल्या केरळ ब्लास्टर्सचं सगळं जवळून बघतोय. २०२३ मध्ये त्यांनी सहल अब्दुल समदला मोहन बागानला दिलं. बदल्यात प्रीतम कोटाल आणि वर पैसे. म्हणजे आपल्याकडचा खराखुरा ट्रेड. सहल इथला मुलगा, गॅलरीतली पोरं त्याचं नाव घेत मोठी झालेली. माझ्या ऑफिसातल्या शिपायाने त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

पुढे बागानने २०२३-२४ ची शील्ड, म्हणजे लीगमध्ये पहिलं येण्याची ट्रॉफी, जिंकली, २०२४-२५ ला शील्ड आणि त्यानंतरच्या बाद फेरीचा कप दोन्ही. ब्लास्टर्स २०२४-२५ मध्ये आठवे. कोटालही दीड वर्षात चेन्नईला गेला. हे सगळं सहलमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण दर वर्षी एक ओळखीचा चेहरा जातो आणि संघ तिथेच राहतो, हे इथल्या लोकांनी पाहिलंय. २०२४ मध्ये सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट मिळवलेला दियामांताकोस ईस्ट बंगालला गेला.

मागवाला | शनिवार, रात्री ९:१५

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. फुटबॉल मुलामुळे बघायला लागलो. इथे सगळे खेळाबद्दल बोलताहेत, वहीबद्दल कोणी बोलत नाही. खेळाडू कोणता विकायचा हे बऱ्याचदा वही ठरवते, म्हणून जरा लांबण लावतो.

समजा कारखानदाराने १० लाखांचा माग घेतला. सोपं पडावं म्हणून पाच वर्षांत सरळ घसारा धरू, वर्षाला २ लाख. तीन वर्षांनी वहीत मागाची किंमत उरते ४ लाख. विकून ५ लाख आले तर १ लाख नफा, ३ लाख आले तर १ लाख तोटा. माग कापड कसं काढतो याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही.

विकत घेतलेल्या खेळाडूचंही असंच. २०२२ मध्ये युनायटेडने आयाक्सकडून अँटनी घेतला, साधारण साडेनऊ कोटी युरोला, पाच वर्षांच्या करारावर. वर्षाला १ कोटी ९० लाख घसारा. तीन वर्षांनी म्हणजे आत्ता वहीत ३ कोटी ८० लाख. त्याच्याखाली कितीही आले तरी तोटा दिसणार. इंग्लंडमध्ये २०२४-२५ च्या मोसमातला नियम असा की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांवर तोटा दाखवायचा नाही. दाखवला तर गुण कापतात. एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे कापले आहेत.

आता घरचा मुलगा. अकादमीत वाढलेला, त्याला विकत घेतलेलंच नाही. वहीत किंमत शून्य. तो ४ कोटींना विकला की चारच्या चार कोटी नफा, तोही याच वर्षी. उलट बाहेरून २० कोटींचे खेळाडू घेतले तर खर्च पाच वर्षांत वाटला जातो, वर्षाला ४ कोटी. म्हणजे घरचा एक मुलगा विकून यंदा २० कोटींची खरेदी वहीत बसते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच ४ कोटी लागतात. तेव्हा घरचा दुसरा मुलगा. चेल्सीने मेसन माउंट विकला, कॉनर गॅलाघर विकला. दोघेही लहानपणापासून त्यांच्याकडे.

युनायटेडने गेल्या ऑगस्टमध्ये मॅकटोमिनेला अडीच कोटी पौंडांच्या आसपास नापोलीला दिलं. पाच वर्षांचा असल्यापासून क्लबमध्ये होता. डावखुरा, तुम्ही २१ मेच्या रात्रीबद्दल लिहिलंत. त्यानंतर दोनच दिवसांनी नापोली इटलीचं चॅम्पियन झालं. शेवटच्या सामन्यात कात्री मारून पहिला गोल केला तो मॅकटोमिनेने. लीगमध्ये १२ गोल, आणि मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. अँटनी मात्र विकला तर तोटा दिसेल म्हणून अजून वहीतच आहे, दुसऱ्या क्लबला उसना दिलेला.

वहीत तोटा दिसू नये म्हणून बिघडलेला माग कोपऱ्यात झाकून ठेवायचा आणि चालता माग विकायचा, असं करणारे कारखानदार मी पाहिलेत. त्यांच्या शेडची कुलपंही पाहिलीत. म्हणून माझं मत सरळ आहे. तोटा सोसा, पण बिघडलेला माग आधी विका.

होटगी रोड | शनिवार, रात्री ९:४८

मागवाला काका, हे इतकं स्वच्छ मला आजपर्यंत कोणी समजावलं नव्हतं. म्हणजे युनायटेडच्या गार्नाचो आणि मेनूच्या विक्रीच्या बातम्या उगाच येत नाहीत. गार्नाचो सोळाव्या वर्षी ॲटलेटिकोकडून अगदी किरकोळ रकमेत आला, मेनू तर शाळकरी वयापासून इथलाच. २०२४ च्या एफए कप फायनलला मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल या दोघांनीच केले होते.

शेंगाचटणी | शनिवार, रात्री १०:०२

काका, धाग्याची प्रिंट काढून भिंतीला लावालालो.

डॅलसचा सोलापूरकर | रविवार, १५ जून, पहाटे ५:३०

मूळचा बुधवार पेठेतला, गेली नऊ वर्षं टेक्सासात. इथे ‘ट्रेड’ शब्दाला जो अर्थ आहे तो सांगतो, कारण त्याशिवाय तुलना चुकेल. हा आपला फुटबॉल नव्हे, हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन खेळ.

इथल्या जुन्या लोकांसमोर हर्शेल वॉकरचं नाव काढलं की अर्धा तास जातो. १९८९ साली डॅलस काउबॉईज रसातळाला गेला होता. नवा मालक, नवा प्रशिक्षक जिमी जॉन्सन. संघात एकच खरा मोठा खेळाडू, वॉकर, आणि लोकांचा जीव त्याच्यावर. १२ ऑक्टोबरला त्यालाच मिनेसोटाला देऊन टाकलं. त्या मोसमात डॅलसने एक सामना जिंकला आणि पंधरा हरले. पण बदल्यात काही खेळाडू आणि पुढच्या वर्षांतल्या निवडीचे ढीगभर हक्क आले. त्या हक्कांची उलटापालट करून एमिट स्मिथ आला. धावून यार्ड मिळवण्यात आजही सगळ्यांत पुढे नाव त्याचंच. १९९३, १९९४ आणि १९९६ च्या जानेवारीत डॅलसने सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले. मिनेसोटाने आजवर एकही नाही.

वाचून वाटेल की चला, युनायटेडनेही हेच करावं. पण इथली घडी वेगळी आहे. इथे शेवटून पहिला आलेल्या संघाला कॉलेजातून येणाऱ्या मुलांमध्ये पहिली निवड मिळते. खालच्या डिव्हिजनमध्ये पडण्याची भीती नाही. एक-पंधरा असं हरूनही संघ त्याच लीगमध्ये राहतो, तिकिटंही विकली जातात. आणि खेळाडूला विचारावं लागत नाही. बहुतेकांच्या करारात नकाराचा हक्कच नसतो. सकाळी फोन येतो, रात्री दुसऱ्या शहरात.

इंग्लंडमध्ये हरण्याचं बक्षीस नाही. शेवटचे तीन खाली जातात. खेळाडूच्या सहीशिवाय सौदा होत नाही. तिथे लाडका विकून दोन वर्षं पडझड सोसणं म्हणजे लीड्सच्या वाटेने जाणं. सात रस्ता काकांनी ते लिहिलंच आहे.

करवीरची | रविवार, सकाळी १०:१५

कोल्हापूरहून. तुमच्या धाग्यात बाहेरची मी, पण राहवलं नाही.

आमच्याकडे मोसमात शाहू स्टेडियम भरतं ते तुम्हाला माहीत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी, बालगोपाल, शिवाजी. माझे वडील आणि काका तालमीच्या कट्ट्यावरच वाढले. एखादा नावाजलेला खेळाडू दुसऱ्या तालमीकडनं खेळायला लागला की पहिल्या सामन्याला त्याला काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण म्हणून पेठेतली माणसं स्टेडियमवर जायची थांबत नाहीत. नवा पोरगा येतो, कुणाचा कोण, कुठल्या गल्लीतला, हे आठवड्यात सगळ्यांना पाठ होतं. आईसुद्धा विचारते, तो डाव्या बाजूचा चांगला आहे की रे.

माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही सोलापुरात बसून मँचेस्टरसाठी रात्र जागवता. तुमची तिथे पेठ नाही, गल्ली नाही. तुम्ही त्या संघाकडे कोणामुळे आलात? रूनी, रोनाल्डो, कोणीतरी एक माणूस असेल. मग तो गेल्यावर तुम्ही का राहिलात? याचं उत्तर मिळालं तर लाडक्या खेळाडूची किंमत काय ते मोजता येईल असं मला वाटतं.

पार्कवरचा डावखुरा | रविवार, दुपारी १२:३०

ताई, बाहेरच्या कशाला म्हणता स्वतःला.

मी रोनाल्डोमुळे आलो. २००८, मी आठवीत. २००९ ला तो गेला तेव्हा आठ कोटी पौंड आले आणि त्याच्या जागी विंगवर व्हॅलेन्सिया आला. मी चिडून दोन महिने सामने बघितले नाहीत. मग एका रात्री सहज लावला आणि स्कोल्सने मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला असा पास दिला की मी उठून उभा राहिलो. स्कोल्स सगळा वेळ तिथेच होता, रोनाल्डोच्या झगमगाटात मला दिसला नव्हता. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असेल. मला आत आणलं विकत घेतलेल्या रोनाल्डोने, आणि धरून ठेवलं त्या घरच्या माणसाने.

सुईदोरा | रविवार, रात्री ८:५०

मी खेळाबद्दल लिहिणार नाही, मला नियम फारसे कळत नाहीत. माझा मुलगा गोलकीपर आहे, सोळा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका निवासी अकादमीत त्याची निवड झाली. इथल्या ज्या संघाकडून तो खेळायचा तो त्या वर्षी सारखा हरत होता. तो निघाला तेव्हा संघाच्या माणसांनी आमच्याशी बोलणं सोडलं. ऐन वेळेला सोडून गेला, असं रस्त्यात ऐकवलं. चौदा वर्षांच्या पोराला.

महिन्यातून एकदा मी पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडते, त्याला भेटते, संध्याकाळच्या गाडीने परत येते. सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेते, तो आणि खोलीतले दोघे दोन दिवसांत संपवतात. सुरुवातीचे सहा महिने तो फोनवर नीट बोलायचा नाही.

तुम्ही सगळे विका, ठेवा, बदल्यात द्या असं लिहिता. चुकीचं आहे असं म्हणत नाही, इतक्या मोठ्या पैशाच्या खेळात तसंच बोलत असतील. पण त्या ब्रुनोने बायकोशी बोलून ठरवलं असं मुलाने मला वाचून दाखवलं, तेव्हा बरं वाटलं. निदान कोणीतरी घरात विचारलं.

सात रस्ता | रविवार, रात्री ९:२०

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मुलाला इथल्या सगळ्यांच्या शुभेच्छा सांगा. गोलकीपरचं पोरगं घडायला वेळ लागतो, चोवीस-पंचवीसपर्यंत धीर धरा.

पार्कवरचा डावखुरा | सोमवार, १६ जून, रात्री ११:४०

सुईदोरा ताईंची पोस्ट वाचल्यापासून एक गोष्ट लिहायची ठरवली होती. आज लिहितो.

मी सतरा वर्षांखालच्या पोरांचा एक संघ सांभाळतो. पैसे वर्गणीचे, बूट जुने, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेने होम मैदान भरून जातं तेव्हा सरावाला जागा शोधत फिरायचं. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक डावा विंगर होता. मी स्वतः डावखुरा म्हणून माझा जीव त्याच्यावर जास्तच. गल्लीतली माणसं सामन्याला यायची ती फक्त त्याला बघायला. त्या मोसमात आम्ही सलग सहा सामने हरलो. पुण्याच्या एका क्लबने त्याला चाचणीला बोलावलं. मी म्हणालो, मोसम संपू दे, मग जा.

का म्हणालो? तो गेला असता तर बघायला कोणी आलं नसतं, आणि बघायला आले नसते तर वर्गणी आली नसती. मी त्याला संघासाठी ठेवतोय असं सगळ्यांना सांगत होतो. मोसम संपला तोवर त्याची जन्मतारीख त्यांच्या गटात बसेना. आता तो टॉवेलच्या एका दुकानात कामाला आहे. रविवारी येतो, अजून तसाच डाव्या पायाने चेंडू आत वळवतो.

आणि जे मी आजवर कोणाला सांगितलं नाही ते हे. सातव्या आणि आठव्या सामन्याला त्याचा घोटा मुरगळला होता. त्या दोन्ही सामन्यांत आम्ही हरलो नाही. बाकीची पोरं चेंडू मिळाला की त्याला शोधायची, ती त्या दिवशी स्वतः पळाली. म्हणजे तो गेला असता तर त्याचंही भलं झालं असतं आणि संघाचंही. मी दोघांचं अडवलं, गर्दीसाठी.

मग ब्रुनोबद्दल मी उलटं का बोललो याचा विचार केला. मला वाटलं तोच नियम इथे लागेल, मोठा माणूस गेला की बाकीचे पळतील. पण होटगी रोड म्हणतात तसे ४४ पैकी १८ गोल ज्याच्याकडून आले, त्याच्या जागी उभं राहायला कोणी नसताना बाकीचे पळून पळून जाणार कुठे? आमच्या विंगरच्या मागे दोन पोरं बाकावर तळमळत बसलेली होती. युनायटेडच्या बाकावर ब्रुनोच्या जागेचा माणूस मला दिसत नाही. शुक्रवारचं मत मी मागे घेतो. ब्रुनोला विकू नये.

गार्नाचोबद्दल मात्र विकावं असंच वाटतं, आणि हे मागवाला काकांच्या नियमाच्या विरुद्ध जातंय हे मला कळतं. युनायटेडचा मॅनेजर आमोरिम, त्याचा संघ ३-४-३ खेळतो. त्यात बाजूने पळणारी जागा विंगबॅकची, तिला मागे येऊन बचाव करावा लागतो. पुढचे दोघे स्ट्रायकरच्या मागे, आतल्या बाजूला खेळतात. रेषेला चिकटून बचावपटूला एकट्याने सोलून काढणारा जो गार्नाचो आहे, त्याला त्या आराखड्यात घरच नाही. बिल्बावला त्याला ७१व्या मिनिटाला उतरवलं. पुढच्या दोन जागांपैकी एका जागेसाठी गेल्याच आठवड्यात कुन्या आला, सव्वासहा कोटी पौंडांना. विसाव्या वर्षी त्याला बाकावर कुजवायचं ते कशासाठी, पोस्टर खपतात म्हणून? मेनूचं वेगळं आहे. मधल्या फळीत जागा आहे, वय आहे, त्याला केवळ वहीसाठी विकलं तर ते मॅकटोमिनेचीच पुनरावृत्ती होईल.

मागवाला | मंगळवार, १७ जून, सकाळी ९:३०

डावखुरा, पटलं. माग चालता आहे पण आपल्याकडे त्याचं सूतच येत नाही, अशा वेळी तो ज्याच्याकडे सूत आहे त्याला द्यावा. फक्त एक अट घाला. आलेली रक्कम कुठल्या जागेवर लावणार ते विकण्याआधी कागदावर लिहून ठेवायचं.

सात रस्ता | मंगळवार, दुपारी ४:१०

माझी शंका अजून आहे. फर्ग्युसन २०१३ मध्ये गेले. त्यानंतर मोयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि आता आमोरिम. मधला हंगामी राल्फ रांगनिक वेगळा. बारा वर्षांत सहा कायमचे मॅनेजर, म्हणजे एकाला दोन वर्षं. प्रत्येकाचा आराखडा वेगळा. एकाच्या आराखड्यात बसत नाही म्हणून वीस वर्षांचा मुलगा विकायचा आणि दोन वर्षांनी दुसरा येऊन म्हणणार, मला विंगर पाहिजेत. मग पुन्हा सात कोटी देऊन बाहेरचा विंगर आणायचा. आराखडा क्लबचा असेल तर तुमचं म्हणणं खरं. मॅनेजरचा असेल तर आपण भाडेकरूच्या आवडीसाठी घराची भिंत पाडतोय.

पार्कवरचा डावखुरा | मंगळवार, रात्री १०:५५

काका, हे मला खोडता येत नाही. रात्रभर विचार करून बघतो. शील्ड आणि कप जिंकणारा बागान असो की २०१८ चा लिव्हरपूल, तिथे काय पाहिजे हे क्लबला माहीत होतं, हे तुमचंच म्हणणं मी घेऊन चाललो होतो. युनायटेडमध्ये ते नक्की कोणाला माहीत आहे, इथे माझी गाडी अडते.

सुईदोरा | बुधवार, १८ जून, सकाळी ११:२०

डावखुरा भाऊ, तुमचा तो विंगर रविवारी येतो म्हणालात. कुठे खेळता तुम्ही? मुलगा महिनाअखेरपर्यंत घरी आहे. डाव्या पायाने आत वळणारे फटके त्याला जड जातात, अकादमीत तसं मारणारं कोणी नाही म्हणतो. त्या दादाला वेळ असेल तर याच्यावर तासभर मारेल का?

पार्कवरचा डावखुरा | बुधवार, दुपारी २:०५

ताई, रविवारी सकाळी साडेसहाला पार्क चौकात या, तिथून मी घेऊन जातो. दुकान दहाला उघडतं, त्याला साडेनऊपर्यंत वेळ असतो. निरोप दिलाय. मुलाला ग्लोव्हज आणायला सांगा, आमच्याकडे आहेत ते फाटलेत.